बोटीवरच्या जनरेटरचा आवाज कमी करायचाय? आधी हवेची भोकं बघा, मग पत्रा

फोम चिकटवून आवाज बंद होत नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण मला जो कोण विचारतोय तो अगोदरच बेळगावच्या खडेबाजारातनं एग क्रेट फोमचा, म्हणजे अंड्याच्या ट्रेसारख्या खाचांच्या फोमचा, गुंडाळा घेऊन आलेला असतोय आणि मग म्हणतोय, आता हा लावू कुठं. फोमचं काम जनरेटरवर घातलेल्या पेटीच्या आत घुमणारा आवाज शोषून घेणं, पलीकडं जाणारा आवाज अडवणं नव्हे. अडवायला वजन लागतंय, आणि बोटीवर नेमकं वजनच परवडत नाही. गोम ती हाय. कमीत कमी किलोत जास्तीत जास्त शांतता कशी काढायची हा सगळा खेळ, आणि माझं मत विचाराल तर त्याचं उत्तर भिंतीत कमी आणि हवा जाण्या-येण्याच्या भोकांत जास्त हाय. का ते खाली हिशोबानं सांगतो.

आमचं बेळगावातच उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं काम, पत्रा, अँगल, वेल्डिंग, डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) कॅनोपीची, म्हणजे बाहेरच्या पेटीची, किरकोळ दुरुस्ती वगैरे. मामेभाऊ कारवारला काळी नदीत पर्यटकांना फिरवतोय, सदाशिवगडच्या बाजूला संध्याकाळी नांगर टाकायचा, जेवणबिवण, गाणी. लाइटी, छोटा फ्रीज, मिक्सर, स्पीकर ह्या सगळ्याला मागं डेकवर अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. गिऱ्हाईक म्हणायला लागली, "काय ओ, नदीत आलोय का पिठाच्या गिरणीत?" त्यावरनं हे काम अंगावर आलं. उगार-कुडचीकडं कृष्णेत किंवा हिडकलच्या पाण्यात कुणाची बोट असेल तर त्यांनाही हेच लागू, फक्त तिकडं खाऱ्या पाण्याचा ताप नाही.

आवाज येतोय कुठनं ते आधी समजून घ्या, नाहीतर पैसे चुकीच्या जागी जातात. एक, सायलेन्सरच्या तोंडातनं. दोन, इंजिनाच्या अंगातनं आणि पंख्यातनं, म्हणजे ती खडखड आणि घरघर. तीन, पायातनं खाली डेकमध्ये. हा तिसरा कुणाच्या लक्षातच येत नाही. फायबरचा डेक पातळ असतोय, जनरेटर त्यावर बसून थरथरला की अख्खा डेकच आवाज करायला लागतोय, आणि मग तुम्ही जनरेटरवर कितीही भारी पेटी घाला, पायाखालनं आवाज येतच राहणार. ओळखायचं कसं? दोघांनी जनरेटर चालू असताना हँडलला धरून डेकवरनं दोन इंच उचलायचा. आवाज दणकन कमी झाला तर तुमचं अर्धं काम पायातच हाय. सायलेन्सरला हात लागू देऊ नका उचलताना.

आता काम सुरू करायच्या आधीचं, आणि हे वगळून पुढं जाऊ नका. पोर्टेबल पेट्रोल जनरेटर केबिनमध्ये, डेकच्या खाली, इंजिनरूममध्ये ठेवायचा नाही. पेटीत घातला म्हणून सुद्धा नाही. उघड्या डेकवरच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरून बोटीच्या तळात साचतीय आणि मग एक ठिणगी पुरे. दुसरं म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, आणि बोटीवर असं झालं की सगळे म्हणणार बोट लागली, आणि लिंबू द्यायला बसणार. म्हणून बसायच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचाच, बॅटरीवर चालणारा. जनरेटर चालू असताना मागच्या शिडीपाशी कुणाला पोहायला उतरू द्यायचं नाही. आणि बोट चालत असताना मागचा धूर उलटा फिरून आत ओढला जातोय, पुढची ताडपत्री बंद आणि मागची उघडी असली की जास्तच, त्यामुळं पुढनं हवा आत येईल असं काहीतरी कायम उघडं ठेवा.

आणि खरंच जनरेटर लागतोय का तेही बघा एकदा. आठ एलईडी दहा-दहा वॅटच्या आणि पन्नास वॅटचा स्पीकर, मिळून १३० वॅट. १२ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण १.२८ युनिट वीज, त्यातली ८० टक्के वापरली आणि इन्व्हर्टरमध्ये थोडी गेली धरली तरी साडेसहा तास आरामात निघतात, आणि अशा बॅटरीचं वजन बारा-तेरा किलोच्या आसपास. म्हणजे जेवणाच्या वेळी जनरेटर बंदच. फ्रीज आणि मिक्सरसाठी तो लागणार, पण ते काम धक्क्यावर किंवा बोट चालू असताना उरकून घेता येतंय. सगळ्यात हलकं साउंडप्रूफिंग म्हणजे बंद केलेला जनरेटर. पण मामेभावाला बर्फाचं पाणी आणि सोलकढी थंडच पायजे, गिऱ्हाइकाला पण, तेव्हा पेटी करायचीच ठरली.

आता पाय. जनरेटर ३००० आरपीएमला फिरतोय म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, फोर स्ट्रोक असल्यामुळं दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे सेकंदाला २५ धक्के. हे २५ धक्के खाली जाऊ द्यायचे नसतील तर रबर किती दबतंय ह्यावर सगळं अवलंबून. रबर जाड हाय का, भारी कंपनीचं हाय का, त्यावर नाही. वजन ठेवल्यावर रबर १ मिमी दबलं तर त्याची स्वतःची हलायची गती सेकंदाला १६ च्या आसपास येतीय, ती २५ च्या फार जवळ, त्यामुळं धक्क्यातला जेमतेम एक तृतीयांश कमी होतोय. तेच ३ मिमी दबलं तर गती ९ वर येतीय आणि हिशोबानं धक्क्याचा सहावा हिस्साच खाली जातोय. रबर हलताना जरा ताठ वागतंय, म्हणून मी ४-५ मिमी धरून चालतोय. जुन्या टायरचे तुकडे कापून खाली घालतात लोक, ते काय खरं नव्हे, आत नायलॉनचे दोर असतात, दबतच नाहीत.

करायचं असं. चार रबर माउंट घ्या, दोन्हीकडं बोल्ट असलेले, मऊ ग्रेडचे, म्हणजे रबराचा कडकपणा सांगणाऱ्या 'शोर' मापावर ४० च्या आसपास. नैसर्गिक रबर पेट्रोल लागलं की फुगतंय, म्हणून नायट्राइल रबर मिळालं तर बरं. व्हर्नियरनं मोकळ्या रबराची उंची मोजा, चारही पायांवर जनरेटर ठेवा, टाकी अर्धी भरलेली असू दे, आणि परत मोजा. आमच्याकडं इंजिनाच्या बाजूचे दोन ५ मिमी दबले आणि अल्टरनेटरच्या बाजूचे दोन अडीच, कारण वजन सगळीकडं सारखं नसतंय. मग हलक्या बाजूला आणखी मऊ माउंट घातले. हा फरक डोळ्यांनी दिसत नाही, व्हर्नियरनंच कळतोय.

जनरेटर डेकच्या मधोमध खाली आधार नसलेल्या भागावर ठेवू नका, खाली आडवा बीम किंवा फ्रेम जिथं जातीय त्याच्या वर पाय येऊ द्या. मुठीनं ठोकून बघा, जिथं आवाज ठसठशीत बसका येतोय तिथं. आणि बांधायचं प्रकरण. पाण्यात जाऊ नये म्हणून बेल्ट लावायलाच पायजे, पण रॅचेट ओढून ओढून घट्ट केला की रबर दाबून टाकलं आणि धक्के बेल्टमधनं डेकला गेले, म्हणजे सगळ्या कामावर पाणी. बेल्ट बोटभर ढिला ठेवायचा, जनरेटर कलंडला तरच तो ताणला पायजे. वायर पण जाड आणि ताठ असली तर तिला एक मोकळा वळसा द्या.

जागा कुठली? मागं, टोकाला, बाहेरच्या कडेला. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात, आणि ते फुकट. नांगरावर बोट साधारण वाऱ्याकडं तोंड करून उभी राहतीय म्हणून मागची बाजू वाऱ्याखाली येतीय आणि धूर बाहेर जातोय. पण काळी नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा ओढ असतोय, पाणी फिरलं की बोट वाऱ्याला पाठ करून उभी राहतीय आणि तोच धूर थेट जेवणाच्या टेबलावर. तेव्हा जनरेटर बंद करायचा, दुसरं काय नाही. दुसरं एक, रात्री पाण्यावर आवाज लांब जातोय, कारण पाण्याजवळची हवा थंड, वरची गरम, आवाज वर जायचं सोडून परत खाली वाकतोय, त्यात पाण्याचा पृष्ठभाग तो परावर्तित करतोय. म्हणून दिवसा जे चालून जातंय ते रात्री पलीकडच्या काठावरच्या घरात ऐकू जातंय. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा हाय, काठाला वस्ती असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता पेटी, आणि इथंच तो हिशोब येतोय. छोटं पेट्रोल इंजिन साधारण पाचाला एक असं चालतंय, म्हणजे २ किलोवॅट वीज काढायला १० किलोवॅटचं पेट्रोल जळतंय. उरलेल्या ८ मधलं निम्मं धुरातनं जातंय असं धरा, तरी ४ किलोवॅट उष्णता इंजिनाच्या अंगावरनं हवेत येतीय. घरातले दोन मोठे गीझर पेटीत चालू ठेवल्यागत. ही उष्णता हवेनं न्यायची आणि हवा १५ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं तर सेकंदाला ०.२२ घनमीटर, म्हणजे तासाला जवळजवळ ८०० घनमीटर हवा लागतीय. हवा सेकंदाला दोन मीटरच्या वेगानं जाऊ दिली तर भोक लागतंय ०.११ चौरस मीटर, म्हणजे ३३ सेंमी बाय ३३ सेंमी. आत यायला एक, बाहेर जायला एक. लोक दोन इंचाची चार भोकं पाडतात आणि मग जनरेटर ट्रिप का होतोय म्हणून विचारतात.

अडीच केव्हीएला पेटी आतनं ८० सेंमी लांब, ६० रुंद, ६५ उंच धरली तर चार भिंती आणि झाकण मिळून २.३ चौरस मीटर पत्रा. त्यातले ०.२२ चौरस मीटर भोकं. म्हणजे दहावा हिस्सा उघडा. आणि दहावा हिस्सा उघडा असला की भिंत शिशाची करा नाहीतर दगडाची, १० डेसिबलच्या वर काही मिळणार नाही, कारण आवाज त्या उघड्या भागातनंच बाहेर येतोय. शंभरावा हिस्सा फट राहिली तरी २० डेसिबलला गाडी अडतीय. म्हणून मी म्हणतोय की आधी भोकं. भोकातनं हवा जाऊ द्यायची पण आवाजाला वळणं घालायची, आणि त्या वळणांना आतनं अस्तर लावायचं. हे नीट केलं की भिंत हलकी चालतीय. नुसत्या हिशोबानं बघितलं तर चौरस मीटरला ४ किलोची भिंत ५०० हर्ट्झला १९ डेसिबलच्या आसपास अडवतीय, आणि वजन दुप्पट केलं की फक्त ६ डेसिबल वाढतात. तेवढ्यासाठी दहा किलो कशाला चढवायचे बोटीवर, तेही उंचावर.

भिंतीला मी एसीपी वापरला, दुकानांच्या बोर्डाला लावतात ती शीट, ३ मिमीची चौरस मीटरला साधारण चार किलो. गंजत नाही, पाणी पित नाही, राउटरनं किंवा कटरनं घरी कापता येतीय, आठ बाय चारच्या एका शीटमध्ये भिंती आणि झाकण निघतंय, हूडला, म्हणजे भोकावरच्या टोपीला, थोडा तुकडा वेगळा लागतोय. बेळगावात साइनबोर्डवाल्यांकडं कापून उरलेले तुकडे पण मिळतात, विचारून बघा. एक अट, आतला गाभा आग न पकडणारा, एफआर ग्रेडचा मागा, साधा प्लास्टिकचा गाभा पेटतोय. आणि सायलेन्सरकडची अख्खी बाजू एसीपीची करायची नाही, ती ०.८ मिमी स्टेनलेसची. १२ मिमी प्लायवूड चौरस मीटरला आठ किलो पडतंय, तेवढ्या पेटीचं नुसतं प्लायच अठरा किलो आणि शिवाय ते पाणी पिणार. सांगाड्याला २५ बाय २५ बाय ३ चा ॲल्युमिनियम अँगल, सव्वाआठ मीटर लागला, तीन किलो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातंय, म्हणून दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचं वॉशर नाहीतर पेंट, रिव्हेट मारायच्या आधी.

पत्रा कापल्यावर बोटाच्या सांध्यानं टकटक करून बघा. टण्ण असा वाजला तर मध्यभागी गाडीच्या दाराला लावतात तो बिटुमेनचा डॅम्पिंग पॅड चिकटवा, अख्ख्या पत्र्याला नको, मधला तिसरा हिस्सा पुरे होतोय. एसीपी मुळात दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिक असल्यामुळं फारसा वाजत नाही, स्टेनलेस मात्र वाजतंय, आणि तिथं गरम असल्यामुळं बिटुमेन लावता येत नाही, वितळून खाली येतंय. तिथं पत्र्याला दोन आडव्या घड्या मारून घ्या, ताठ होतोय.

अस्तर. गादीचा फोम लावू नका, पॉलियुरेथेन पेटला की विषारी धूर होतोय, आणि हे पेट्रोलचं काम. विकत घेताना छोटा तुकडा बाहेर नेऊन काडी लावून बघा, ज्वाला धरून राहिली तर परत द्या. रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) चांगलं, ४८ डेन्सिटीचं, म्हणजे घनमीटरला ४८ किलो, ५० मिमी जाडीचं, चौरस मीटरला २.४ किलो. झाकण आणि दोन लांब भिंती एवढंच लावलं तरी पुरे, साडेतीन किलोत होतंय. मेलामाइन फोम मिळाला तर आणखी हलका, पण तो सगळीकडं मिळत नाही. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे, नाहीतर आठवडाभर खाजवत बसाल. पाणी पिऊन जड होतंय म्हणून पातळ प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळा, गरम बाजूला ग्लास क्लॉथमध्ये, आणि वरनं भोकाचा ॲल्युमिनियम पत्रा. जाड ताडपत्रीनं झाकू नका, मग ते आवाज शोषणार कसं. एक मात्र समजून असा, ५० मिमी अस्तर ती चिरचिर, खडखड कमी करतंय. खालची घुमणारी धडधड जी हाय, १०० हर्ट्झच्या आसपासची, तिची लाट साडेतीन मीटर लांब, ती अस्तराला जुमानत नाही. ती फक्त रबरानं आणि चांगल्या सायलेन्सरनं कमी होतीय.

सायलेन्सरच्या तोंडाला दुसरा सायलेन्सर जोडायचा मोह सगळ्यांना होतोय. माझं मत, नको. उलटा दाब वाढला की इंजिन तापतंय, आणि जोडात फट राहिली की धूर पेटीत. मूळ सायलेन्सर तसाच ठेवा, आतली जाळी काजळीनं भरली असेल तर साफ करा, आणि त्याचं तोंड सरळ बाहेर जायच्या भोकासमोर येईल असा जनरेटर पेटीत बसवा, म्हणजे धूर आणि गरम हवा एकाच वाटेनं पाण्याकडं जातीय. बोटीवरची डिझेल इंजिनं पाणी सोडून धूर थंड करतात ते वेगळं प्रकरण, एअरकूल्ड पोर्टेबलला ते जोडायला जाऊ नका.

आता हूड, म्हणजे भोकावरची टोपी. हेच मन लावून करायचं काम. दोरी ओढायची बाजू म्हणजे हवा आत यायची बाजू, तिथं भिंतीत वरच्या अंगाला भोक, आणि बाहेरनं एक चपटी पेटी जिचं तोंड खाली. हवा खालनं शिरतीय, हूडमधनं वर चढतीय, वळून आत येतीय. बाहेर उभं राहून आतलं इंजिन दिसलं नाही पायजे, मोबाइलचा टॉर्च आत लावून बघा, उजेड सरळ बाहेर आला तर आवाजही येणार. हूडची रुंदी ६० सेंमी असली तर अस्तर सोडून निव्वळ १९ सेंमी जागा मोकळी पायजे, तेव्हा कुठं ते ०.११ चौरस मीटर भरतंय. अस्तर लावल्यावर जागा कमी होतीय हे मेस्त्री लोक विसरतात, म्हणून मोजमाप देताना दोन्ही बाजूंच्या अस्तराची जाडी वाढवून सांगा. बाहेर जायच्या बाजूचा हूड स्टेनलेसचा, अस्तर रॉकवूलचंच, तोंड पाण्याकडं आणि खाली, सायलेन्सरपासून समोरचा पत्रा निदान वीतभर लांब.

मध्ये एक पडदा लागतोय. नाहीतर गरम हवा बाहेर जायचं सोडून पेटीतच गोल फिरून पुढच्या पंख्यात परत शिरतीय. जनरेटरच्या सायलेन्सरकडच्या टोकाभोवती पत्र्याची चौकट करा आणि पत्रा अंगाला टेकवायच्या ऐवजी सिलिकॉन शीटची झालर लावा, दोन-तीन इंचाची, ती अलगद टेकली पायजे. पत्रा टेकला की थरथर पेटीत आली. पेटी आणि जनरेटर ह्यांचा कुठंही एकमेकांना स्पर्श नको, ही झालर सोडून.

पेटीला पंखा लावणार असाल तर थंड हवेच्या बाजूला, आत ढकलणारा. बाहेरच्या बाजूला लावला तर पेट्रोलची वाफ त्याच्या मोटरमधनं जातीय, आणि साध्या १२ व्होल्टच्या पंख्यात ठिणगी असू शकतीय. पेटीचा तळ डेकवर एक उथळ ट्रे, कडेला उतार देऊन भोक, आणि ते भोक बोटीच्या बाहेर निघालं पायजे, आत तळाकडं नाही. पेट्रोल सांडलं तर पाण्यात गेलेलं पण वाईटच, पण बोटीच्या पोटात गेलेलं त्याहून वाईट. पेट्रोल भरताना जनरेटर बंद, पूर्ण थंड, झाकण पूर्ण काढून. चालू असताना फनेल लावणारे मी बघितलेत, काय बोलायचं.

फटी. झाकणाला आणि पेटीच्या खालच्या कडेला ईपीडीएम रबराची पट्टी, गाडीच्या दाराला असतीय तशी पोकळ, म्हणजे दाबली की बसतीय. झाकण बिजागरीवर नको, चार टॉगल क्लॅम्पनं दाबून बसणारं करा, अडीनडीला एका माणसाला झटकन उचलून बाजूला ठेवता आलं पायजे. वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट. हे सगळं मिळून, हूड धरून, पेटी वीस-बावीस किलोच्या आत बसतीय.

पेटी बसवल्यावर लगेच गिऱ्हाईक घेऊन जाऊ नका. धक्क्याला बांधून पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा, हीटर लावा लोडसाठी. इंजिनाचा पंखा जिथनं हवा घेतोय तिथं एक साधा डिजिटल थर्मामीटर बांधा. बाहेरच्या हवेपेक्षा तिथं १० अंशांहून जास्त दाखवायला लागला तर गरम हवा परत फिरतीय, पडदा बघा, भोक मोठं करा. आवाज मोबाइलच्या ॲपनं मोजला तर आकडा खरा नसतोय, पण तोच मोबाइल, तीच जागा, तोच लोड ठेवून आधीचा आणि नंतरचा फरक घेतला तर तो धरायला हरकत नाही. आमच्या बोटीवर जेवणाच्या टेबलापाशी दहा-अकरा डेसिबलचा फरक आला, त्यातला तीन-चारचा नुसत्या रबरानं, पेटी बसवायच्या आधीच. १० डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. ह्या कामातनं ह्याच्यापेक्षा फार जास्त कोण कबूल करत असेल तर त्याला विचारा की हवा कुठनं जाणार.

डिझेल इंजिन खाली फिक्स असलेल्या बोटीवाल्यांसाठी थोडक्यात. तिथं पेटी नसतीय, इंजिनरूमच्या भिंतींनाच आतनं थर लावतात, फोम, मध्ये चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास वजनाची व्हायनलची जड शीट, परत फोम, वर चंदेरी फिल्म. मधली शीट भिंतीला टेकू न देता फोमवर तरंगत ठेवायची, तिथंच तिची खरी कमाई. हा मालपण आग न पकडणाराच पायजे, आणि हवेच्या वाटा बुजवायच्या नाहीत, डिझेलला पण श्वास लागतोय. पॅसेंजर बोट असेल तर हे असलं काही बसवायच्या आधी सर्व्हेवाल्यांना दाखवून घ्या, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी असतीय, नंतर काढायला लावलं तर खर्च बुडाला.

देखभाल फार नाही. महिन्यातनं एकदा झाकण काढून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं मीठ पुसा, रॉकवूल हातानं दाबून ओलं हाय का बघा, ओलं असलं तर तो पॅनेल काढून उन्हात टाका. पावसाळ्यात बोट काठावर ओढून ठेवता तेव्हा पेटीत उंदीर घर करतोय, हूडच्या तोंडाला बारीक स्टेनलेस जाळी मारून ठेवा, पण जाळीमुळं अडलेली जागा मोजून भोक तेवढं वाढवा. रबर माउंट दरवर्षी व्हर्नियरनं परत मोजा, बसून गेलेले असले तर बदला. आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर पाठीमागं एक्सपायरीची तारीख असतीय, ती मार्करनं पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, बोटीवरच्या पोरांना दिसेल अशी.